निनवेकरांच्या उपवासाची कुळकथा

ईस्टरपूर्वीच्या महाउपवासाला सुमारे तीन आठवडे उरले असता सीरियाई परंपरेची चर्चे सोमवार ते बुधवार असा तीन दिवसांचा कडक उपवास पाळतात, आणि त्याला सीरियाई भाषेत ‘बाऊथा द निनवाये’, म्हणजे निनवेकरांची विनवणी, असे नाव आहे. उपवासाला नाव मिळाले ते योना या संदेष्ट्याचे नव्हे, तर ज्यांना तो शिक्षेची वार्ता सांगायला गेला त्या परक्या नगरवासीयांचे, आणि या प्रथेचे सारे वेगळेपण त्यातच आहे.

जुन्या करारातील कथेनुसार योनाला असिरियाच्या निनवे नगरात जाण्याची आज्ञा होते, परंतु तो याफो बंदरातून उलट दिशेच्या तार्शीशला जाणारे गलबत पकडतो. पुढे वादळ, माशाच्या पोटातील तीन दिवस आणि नाइलाजाने केलेला उपदेश. तो ऐकताच राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांबरोबर गुराढोरांनाही गोणताट, म्हणजे शोकाचे जाडेभरडे वस्त्र, नेसवले जाते, आणि देव शिक्षा मागे घेतो. वादळापासून माशापर्यंत सगळे देवाचे ऐकतात. अडून बसतो तो एकटा संदेष्टाच, आणि नगर वाचल्यावर रुसतोही तोच. हा रुसवा अगदीच अकारण म्हणता येत नाही, कारण इ.स.पू. 722च्या सुमारास शोमरोन ही राजधानी जिंकून इस्राएलचे उत्तरेकडील राज्य असिरियानेच बुडवले होते, आणि बहुतेक अभ्यासक योनाचे पुस्तक त्यानंतर काही शतकांनी, बाबेलच्या बंदिवासानंतर, लिहिले गेले असे मानतात. असिरियाच्या अभिलेखांत अशा सामूहिक पश्चात्तापाचा मागमूस नाही, आणि निनवेही इ.स.पू. 612 मध्ये उद्ध्वस्त झाले.

यहुदी लोक हे पुस्तक प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, वाचतात. मात्र त्यांच्या दृष्टीने निनवे हे परक्यांचेच नगर राहते. मेसोपोटेमियातील ख्रिस्ती समाजाची गोष्ट वेगळी होती, कारण निनवेचे अवशेष त्यांच्याच मुलखात, आजच्या मोसुलसमोर तैग्रिस नदीच्या पूर्व तीरावर होते, आणि दयेची ती कथा त्यांना देणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या बाजूने वाचता आली. चौथ्या शतकातील संतकवी एफ्रेम याच्या नावावर निनवेच्या पश्चात्तापावरील दीर्घ पद्यप्रवचन आहे, आणि त्याच्या नावाने चालत आलेल्या रचना आजही या उपवासाच्या उपासनेत म्हटल्या जातात.

उपवास रूढ झाला तो मात्र संकटातून. पूर्वेच्या चर्चची परंपरा सांगते की सहाव्या शतकात, कॅथोलिकोस (म्हणजे त्या चर्चचा प्रमुख) एझेकिएल याच्या काळात (570–581), बेथ गरमाई प्रांतात महामारी पसरली, तेव्हा तेथील धर्माध्यक्ष सब्रीशो याने लोकांना निनवेकरांसारखा उपवास करायला सांगितला आणि साथ ओसरली. पश्चिम सीरियाई परंपरा हे श्रेय तिक्रितचा धर्माध्यक्ष मारुथा याला देते. हा वाद मिटण्यासारखा नाही आणि मिटवण्याची फारशी गरजही नाही.

दहाव्या शतकात सीरियाई वंशाचा अब्राहाम (975–978) अलेक्झांड्रियाचा कुलपिता झाला आणि त्याच्यामार्फत ही प्रथा इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये गेली, असे सांगतात. केरळातील सीरियाई ख्रिस्ती तिला ‘मून्नु नोयम्बु’, म्हणजे तीन उपवास, म्हणतात. कोट्टायम जिल्ह्यातील कुरविलंगाडच्या मरियमच्या चर्चमध्ये या तीन दिवसांपैकी मंगळवारी लाकडी गलबत खांद्यावर घेऊन, वादळात सापडल्यासारखे हेलकावत, मिरवणूक निघते. निनवेच्या पश्चात्तापाच्या उपवासात लोकांची सर्वांत मोठी गर्दी होते ती योना जिच्यातून पळाला त्या नौकेसाठी.