आपत्तीतील संयम, जपानी समाजाचा

भूकंप, त्सुनामी, चक्रीवादळ अशा संकटांत जपानमधील सामान्य माणसे धीर, शिस्त आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी दाखवतात. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर या गुणांचे जगभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र हा संयम जपानी माणसाच्या रक्तातच असतो, हे त्या कौतुकात हटकून येणारे विधान इतिहासाला धरून नाही. तो कमावलेला आहे, फार मोठी किंमत मोजून कमावलेला आहे आणि म्हणून अधिकच आदरास पात्र आहे.

याचा पुरावा १९२३ सालीच सापडतो. १ सप्टेंबरला दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना कांतो प्रदेशात भूकंप झाला. जेवणाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या, घरे लाकडाची. तोक्यो आणि योकोहामाचे मोठे भाग जळून गेले. मृत व बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ५ हजार माणसे गेली. त्यानंतरच्या दिवसांत कोरियन लोक विहिरींत विष कालवत असल्याची अफवा उठली. गल्लोगल्ली दंडुके आणि तलवारी घेतलेली टोळकी उभी राहिली, कोठे कोठे पोलीस आणि सैनिकही त्यांत सामील झाले आणि कोरियन माणसांचे शिरकाण झाले. बळींच्या आकड्यावर अजून वाद आहे; बहुतेक इतिहासकार तो हजारांत धरतात. २०११ मध्ये निमूट रांगेत उभी राहिलेली माणसे याच पिढीची नातवंडे-पतवंडे होती. बदलले ते शिक्षण, कायदा आणि शेजार.

१९५९ च्या इसे उपसागरातील चक्रीवादळाने पाच हजारांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि १९६१ मध्ये आपत्ती निवारणाचा मूलभूत कायदा झाला. १९८१ मध्ये इमारतींसाठी भूकंपरोधक बांधकामाचे कडक नियम आले. ज्याला डोक्यावरचे छप्पर टिकेल असा भरवसा असतो, त्यालाच डोके शांत ठेवणे परवडते. हा भाग कौतुकाच्या लेखांतून बहुधा गळतो.

शाळेतील कवायत जवळून पाहण्यासारखी असते. इशारा वाजताच मुले बाकाखाली शिरतात आणि बाकाचा पाय घट्ट धरून ठेवतात, कारण मोठ्या धक्क्यात बाकच सरकत जाते. मग अनेक शाळांत खुर्चीच्या पाठीला अडकवलेली जाड कापसाची टोपी डोक्यावर चढते आणि रांग मैदानाकडे निघते. ढकलायचे नाही, धावायचे नाही, बोलायचे नाही, मागे फिरायचे नाही, एवढ्या चार सूचना मुलांना बालवाडीपासून तोंडपाठ असतात. वर्षातून अनेकदा होणारी ही कवायत पुढे आयुष्यभर अंगात मुरलेली राहते.

१७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात ६,४३४ माणसे दगावली. सरकारी मदत उशिरा पोचली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तेथे राबले. मोहल्ल्याच्या आपत्ती निवारण मंडळांना खरे बळ मिळाले ते या अनुभवानंतर.

२०११ चा भूकंप ९.० महत्तेचा होता. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तो झाला आणि त्यामागून आलेल्या त्सुनामीने ईशान्येकडील तोहोकूचा किनारा धुऊन नेला. सुमारे १५,९०० मृत्यू नोंदले गेले, अडीच हजारांहून अधिक माणसे सापडलीच नाहीत. त्या रात्री तोक्यो परिसरात रेल्वे बंद पडल्याने लाखो लोक अडकले. स्थानकांच्या जिन्यांवर दोन्ही कडांना बसून मधली वाट मोकळी ठेवलेली माणसे छायाचित्रांतून जगाने पाहिली. किनाऱ्यावरच्या निवारा केंद्रांत, म्हणजे बहुधा शाळांच्या व्यायामशाळांत, एकेका कुटुंबाच्या वाट्याला चटईएवढी जागा आली. दारात जोडे काढले जात. स्वयंपाक, पाणी भरणे, संडास स्वच्छ करणे यांसाठी लोकांनी आपापसांत गट पाडून पाळ्या लावल्या. किनाऱ्यावर वाहून आलेल्या सुमारे ५,७०० तिजोऱ्या पोलिसांकडे जमा झाल्या. त्यांत २३० कोटी येनच्या आसपास रोकड होती आणि बहुतेक रक्कम मालकांना वा वारसांना परत मिळाली. ओसाड पडलेल्या भागांत दुकाने आणि एटीएम फोडलीही गेली. चोऱ्या झाल्या म्हणून परत केलेल्या तिजोऱ्यांचे मोल कमी होत नाही.

संयमाची खरी परीक्षा मात्र रांगेत झाली नाही, ती लाट येण्यापूर्वीच्या अर्ध्या-पाऊण तासात झाली. तोहोकूच्या सानरिकू किनाऱ्यावरील कामाइशी शहरातील उनोसुमाई भागात माध्यमिक शाळेची मुले धक्का थांबताच कोणाच्या हुकमाची वाट न पाहता टेकडीच्या दिशेने पळाली. ती पळताना दिसली म्हणून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही वरच्या मजल्यावरून उतरून त्यांच्यामागे निघाली. नेमून दिलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तेव्हा ती आणखी वर गेली, आणि तेथूनही आणखी वर. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते. दोन्ही शाळा पुराच्या नकाशात सुरक्षित दाखवल्या होत्या, दोन्ही बुडाल्या. शहरातील सुमारे तीन हजार शाळकरी मुलांपैकी जवळजवळ सर्व वाचली. गुन्मा विद्यापीठाचे तत्कालीन प्राध्यापक कातादा तोशिताका यांनी त्यांना आधी काही वर्षे शिकवले होते की नकाशावर विसंबू नका आणि इतरांची वाट न पाहता स्वतः आधी पळा. सानरिकू किनाऱ्यावरची जुनी शिकवणही हीच आहे. आईने मुलासाठी आणि मुलाने आईसाठी थांबायचे नाही. ती कठोर वाटते, पण दुसराही पळालाच असेल असा घरात पक्का विश्वास असल्याशिवाय ती पाळता येत नाही.

त्याच उनोसुमाईत एका आपत्ती निवारण केंद्रात शंभराहून अधिक माणसे बुडून मेली. त्सुनामीसाठी ते आश्रयस्थान नव्हतेच. पण सरावासाठी लोकांना तेथे जमवले जाई, म्हणून त्या दिवशीही ती तेथेच गेली. इशिनोमाकीतील ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना सुमारे पन्नास मिनिटे मैदानात थांबवून ठेवले गेले. शाळेमागे टेकडी होती. वर जाऊ या, असे काही मुलांनी म्हटल्याचे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. १०८ पैकी ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात भरपाईचा निकाल कायम झाला. शिस्त या मुलांनीही पाळलीच होती. जपानी संयमाची थोरवी सांगताना ओकावा वगळणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

त्याच त्सुनामीनंतर घडलेल्या फुकुशिमा अणुदुर्घटनेची चौकशी करणाऱ्या संसदीय आयोगाचे अध्यक्ष कुरोकावा कियोशी यांनी २०१२ मध्ये ती मानवनिर्मित असल्याचे स्पष्ट म्हटले आणि अधिकाराला प्रश्न न विचारण्याच्या सवयीवर बोट ठेवले. सोसण्याची किंमत निवारा केंद्रांतल्या वृद्धांनीही मोजली: संडासाला जाण्याचा त्रास इतरांना नको म्हणून पाणी कमी पिणारे, दुखणे न बोलणारे. २०११ च्या आपत्तीनंतर थकवा, थंडी आणि विस्थापनाने झालेले ३,७०० हून अधिक मृत्यू वेगळे नोंदले आहेत.

या अनुभवांतून झालेला एक बदल दूरचित्रवाणीवर ऐकू येतो. २०११ मध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या निवेदकांनी त्सुनामीचा इशारा ठरलेल्या शांत सुरात दिला होता. त्या सुरामुळे धोक्याची निकड पुरेशी पोचली नाही, असे मानून संस्थेने निवेदनाचे शब्द आणि पट्टी दोन्ही बदलले. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७.६ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा निवेदिका दूरचित्रवाणी बघत बसू नका, आत्ताच्या आत्ता उंचावर पळा, असे अक्षरशः ओरडून सांगत होत्या आणि पडद्यावर लहान मुलांनाही वाचता येईल अशा सोप्या लिपीत तोच आदेश ठळक झळकत होता.