इथेनॉल: परदेशी तेलाला उतारा, नीरेच्या पाण्यावर भार

बारामती आणि इंदापूर हे तालुके उसाचे आगर म्हणून ओळखले जातात. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा अशी सहकारी साखर कारखान्यांची मालिकाच या पट्ट्यात उभी आहे. पूर्वी येथील अर्थकारण साखरेच्या पोत्यावर मोजले जाई. गेल्या काही वर्षांत त्याला इथेनॉलची जोड मिळाली. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा हा मद्यार्क देशाच्या तेलनीतीचा आणि हवामानविषयक राजकारणाचा भाग बनला असून, त्याचे धागेदोरे थेट नीरेच्या कालव्यापर्यंत पोचतात.

भारत आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. १९७३ च्या तेलसंकटाने या परावलंबनाची किंमत साऱ्या जगाला दाखवून दिली. ब्राझीलने १९७५ मध्ये उसापासून इंधन बनविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. भारतात त्याचा प्रयोग व्हायला २००१ साल उजाडले. मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलची चाचणी झाली आणि जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. मात्र, लगेचच दुष्काळाने उसाचे उत्पादन घटले आणि ही सक्ती शिथिल करावी लागली. पावसावर अवलंबून असलेल्या इंधनाची मर्यादा तेव्हाच उघड झाली होती.

खरी गती मिळाली ती २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने. तोपर्यंत मुख्यतः साखर काढून उरलेल्या मळीपासून इथेनॉल बनत असे. नव्या धोरणाने बी हेवी मळी आणि उसाचा रसही त्यासाठी खुला केला. २०२२-२३ च्या हंगामात रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये, तर अखेरच्या, म्हणजे सी हेवी मळीच्या इथेनॉलला ४९.४१ रुपये दर होता. साखर गोदामात पडून राहण्यापेक्षा तेल कंपन्यांकडून लवकर मिळणारा पैसा कारखान्यांना सोयीचा ठरला. उसाची एफआरपी १४ दिवसांत देण्याचे बंधन पाळणेही त्यामुळे सुकर झाले. व्याजसवलतीच्या कर्जांवर राज्यभर डिस्टिलरी उभ्या राहिल्या. देशाने दहा टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये, तर वीस टक्क्यांचा टप्पा २०२५ मध्ये गाठला.

या यशाला पाण्याची दुसरी बाजू आहे. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते आणि उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. ब्राझीलचा बहुतांश ऊस पावसावर पोसला जातो. बारामती-इंदापूरचा ऊस मात्र १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर, विहिरींवर आणि उजनी जलाशयातून केलेल्या उपशावर उभा आहे.

हे पाणी कुणाचे, हा वाद जुनाच आहे. नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या वाटपाचा निर्णय २०१९ मध्ये एका सरकारने फिरवला आणि २०२० मध्ये दुसऱ्याने पुन्हा बदलला. उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश सोलापूर जिल्ह्यातील विरोधानंतर २०२१ मध्ये रद्द झाला. बारामती तालुक्यातच सुपे-मोरगावचा जिरायती भाग पाण्याची वाट पाहत असतो. एकाच तालुक्यातील या दोन चित्रांमध्ये इंधनाच्या प्रश्नाचे मर्म आहे.

अर्थात, पाण्याचा सारा दोष इथेनॉलच्या माथी मारणे न्यायाचे नाही. सी हेवी मळीपासून ते बनते, तेव्हा त्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही. अतिरिक्त साखर निर्यात करण्यापेक्षा तिचे इंधन करणे देशाच्या हिताचे, हा युक्तिवादही पोकळ नाही. धोका आहे तो हमीच्या दराने उसाचे क्षेत्र कायमचे वाढते राहण्याचा. हवामानाच्या दृष्टीनेही हिशेब सरळ नाही. इथेनॉल जाळल्याने बाहेर पडणारा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, हे खरे. पण नत्रखते, पंपांची वीज आणि शेतात जाळले जाणारे पाचट यांचा भार त्यातून वजा करावा लागतो.

धोरणाची अनिश्चितता हा शेतकऱ्यापुढचा आणखी एक पेच. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन भरात असताना, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यास मनाई केली. आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घालण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठले. दरम्यान मक्यासारख्या धान्यांपासूनच्या इथेनॉलने उसाला मागे टाकले. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. दिल्लीचा आदेश एका दिवसात निघतो.

पर्याय अगदीच नाहीत असे नाही. नीरेपलीकडे फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने कमी पाण्यावर येणाऱ्या गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्यावर अनेक वर्षे काम केले आहे. ठिबक सिंचनाने उसाचे पाणीही वाचते. मात्र इथेनॉलचा दर ठरविताना पाण्याची किंमत जोवर धरली जात नाही, तोवर अशा पिकांना बाजारात उसाशी बरोबरी करता येणार नाही. आखाती तेलावरचे अवलंबन कमी करताना नीरा-भीमेच्या पाण्यावरचे अवलंबन किती वाढू द्यायचे, हे ठरविल्याशिवाय या इंधनाला खऱ्या अर्थाने स्वदेशी म्हणता येणार नाही.