शालेय ग्राफिक डिझाइन : चित्रकलेच्या पलीकडचा विषय

दहावीचा निकाल लागला की 'हात चांगला आहे, म्हणून डिझाइन घेऊ' असा विचार अनेक घरांत सुरू होतो. अकरावी-बारावीला ग्राफिक डिझाइनशी निगडित विषय घेण्याची सोय आता उपलब्ध आहे. मात्र हा विषय नेमका काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय केलेली निवड दोन वर्षांनी महागात पडू शकते.

विषयाचे स्वरूप

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) अभ्यासक्रमात हा विषय 'कमर्शियल आर्ट' अर्थात उपयोजित कला या नावाने शिकवला जातो. शंभरपैकी ३० गुण लेखी परीक्षेला आणि ७० गुण प्रात्यक्षिकाला असतात. लेखी भाग प्रामुख्याने भारतीय कलेच्या इतिहासाचा आहे. बारावीला राजस्थानी, पहाडी, मुघल व दख्खनी लघुचित्रे आणि बंगाल शैली यांचा अभ्यास करावा लागतो. प्रात्यक्षिकात अकरावीला रेखाटन, अक्षरलेखन व मांडणी, तर बारावीला बोधचित्र आणि पोस्टर यांवर भर असतो. वर्षभराच्या कामाचा संग्रहही तपासला जातो. याखेरीज एनसीईआरटीने ग्राफिक डिझाइनसाठी अकरावी व बारावीची स्वतंत्र पाठ्यपुस्तके काढली आहेत.

कसोटी कशाची?

पोस्टरचा प्रश्न या विषयाचे मर्म सांगतो. विषय दिलेला, मजकूर ठरलेला आणि रंग मर्यादित. अशा वेळी सुंदर चित्र काढणे पुरेसे नसते. रस्त्याने जाणाऱ्याची नजर आधी कुठे पडावी, मग कुठे वळावी आणि काय लक्षात राहावे, याचा निर्णय विद्यार्थ्याने घ्यायचा असतो. चित्रकार स्वतःला जाणवलेले मांडतो, तर डिझाइनर दुसऱ्याचा निरोप तिसऱ्यापर्यंत पोहोचवतो. ज्याला हे बंधन जाचते, त्याने चित्रकलेचाच विचार करावा. उलट हात साधारण असला, तरी मांडणीची जाण असलेला विद्यार्थी येथे पुढे जाऊ शकतो. संगणकावरील सॉफ्टवेअर हे केवळ साधन आहे. ते नंतरही शिकता येते, पण पाहण्याची सवय लवकर लागलेली बरी.

देवनागरीचे आव्हान

मराठी विद्यार्थ्याने अक्षरलेखनाचा सराव रोमन लिपीपुरता ठेवू नये. 'मूर्ती' हा साधा शब्द घ्या. शिरोरेषेच्या वर वेलांटी व रफार, खाली उकार. दोन ओळींत पुरेशी जागा सोडली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. रोमन अक्षरांसाठी बेतलेली मांडणी जशीच्या तशी मराठीला लावता येत नाही, ती यामुळेच. या क्षेत्रात मुंबईची परंपरा मोठी आहे. विंडोज २०००मधून संगणकांवर पोहोचलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. २०१० साली स्वीकारण्यात आलेले रुपयाचे चिन्हही देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्या संयोगातून साकारले आहे. त्याचे रचनाकार डी. उदय कुमार हे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे विद्यार्थी होते.

पुढील वाटा

बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते. मुंबईतील सर ज. जी. उपयोजित कला संस्था त्यासाठी परिचित आहे. महाराष्ट्रात या पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. आयआयटी मुंबईच्या 'बी. डेस.' अभ्यासक्रमासाठी 'यूसीड' ही परीक्षा २०१५पासून घेतली जाते. तिच्यात संगणकावरील प्रश्नांबरोबर रेखाटनाचाही भाग असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची (एनआयडी) प्रवेश परीक्षा वेगळी आहे.

यांपैकी कोणत्याही ठिकाणी बारावीला हाच विषय असण्याची अट नाही. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही 'यूसीड' देता येते. त्यामुळे शाळेत विषय मिळाला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतून संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांचा पाया घालता येतो.

निर्णयापूर्वी एक साधा प्रयोग करून पाहावा. घरातील औषधाची पट्टी, विजेचे बिल किंवा एसटीचे वेळापत्रक समोर घ्यावे आणि त्यातील आवश्यक माहिती आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल, अशी कागदावर नव्याने मांडावी. हे काम करताना तास कसा गेला ते कळले नाही, तर हा विषय आपला समजावा.