एका दिवसात हिक्कीम, लांगझा, कोमिक : स्पितीची ही ट्रिप रील्समध्ये दिसते तेवढी सोपी आहे का?

जगातलं सगळ्यात उंच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोस्ट ऑफिसातून घरी पत्र टाकतानाची रील तुम्हीही पाहिली असेल. ते गाव म्हणजे हिमाचल प्रदेशच्या स्पिती खोऱ्यातलं हिक्कीम. इथलं पोस्ट ऑफिस 1983 साली सुरू झालं, उंची साधारण 4,400 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटरचं, यावरून अंदाज घ्या.

मुक्काम काझात करायचा. सकाळी गाडी ठरवून आधी लांगझा, मग हिक्कीम, मग कोमिक. अंतरं थोडी आहेत, पण रस्ता घाटाचा आणि अरुंद, त्यामुळे किलोमीटरवरून वेळेचा हिशोब करू नका. पोस्टकार्ड टाकायचं असेल तर रविवार टाळा, सरकारी पोस्ट आहे ते.

लांगझात बुद्धाची मोठी रंगीत मूर्ती आहे आणि सगळे तिथेच फोटो काढून निघतात. खरी गंमत पायाखाली आहे. हिमालय उभा राहण्याआधी इथे टेथिस नावाचा समुद्र होता. त्यातल्या शंखासारख्या अमोनाइट जिवांचे जीवाश्म या दगडांत सापडतात. गावात कुणी विकायला आणलेच, तरी घेऊ नका. विकत घेणारे आहेत म्हणूनच ते उकरले जातात.

कोमिक साधारण 4,587 मीटरवर. गाडीरस्त्याने जोडलेलं जगातलं सर्वात उंच गाव असा बोर्ड तिथे आहे. या किताबावर दावा सांगणारी गावं बरीच आहेत, त्यामुळे त्यावरून भांडत बसू नका. बोर्डापेक्षा शेतं बघा. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी पाटाने आणून लोक जव आणि वाटाणा पिकवतात. बर्फ कमी पडला की पीक गेलं. म्हणूनच इथल्या घरांत पारंपरिक संडास कोरडे असतात, त्यातलं खत शेतात जातं. होमस्टेत फ्लश आणि शॉवर मागणाऱ्या पाहुण्याने एवढं लक्षात ठेवावं.

दुपारनंतर वेळ आणि जीव दोन्ही शिल्लक असतील तर की गोंपा आणि किब्बर करून चिचमच्या पुलापर्यंत जाता येतं. खोल दरीवरचा हा पूल 2017 मध्ये सुरू झाला. त्याआधी चिचमची माणसं तारेवरच्या पाळण्यात बसून, हाताने दोर ओढत दरी पार करायची. सेल्फी काढताना एकदा खाली बघा, म्हणजे पाळण्यातला प्रवास काय असेल ते कळेल.

आता मुद्द्याचं. या उंचीवर प्रत्येक श्वासात मुंबईच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. रात्री मनालीहून निघून, कुंझुम खिंड ओलांडून दुसऱ्याच दिवशी कोमिक गाठणं म्हणजे आजारपणाला आमंत्रण. शिमला-किन्नौरमार्गे हळूहळू चढत या आणि काझात निदान एक दिवस नुसता आराम करा. डोकेदुखी, मळमळ, खूप दम लागणं ही लक्षणं दिसली तर आणखी वर जायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर ताबडतोब खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. दारू त्या दिवशी नकोच.

जून ते सप्टेंबर हा बरा काळ. भारतीयांना परमिट लागत नाही. पेट्रोल काझातच भरून घ्या, वरच्या गावांत पंप नाही.