फोनमधली घंटा

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप उघडले की काळा पडदा येतो. तिथे काहीही न लिहिता खोडण्याची कळ दाबून पाहा. फोन थरथरतो. ‘खोडायला काही नाही’ असे तो सांगत असतो. ही थरथर म्हणजे एका घंटेचे उरलेले रूप आहे, आणि त्या घंटेसाठी आपल्याला १९६३ सालात जावे लागते.

त्या साली अमेरिकेत टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र आले. कळफलक, शाईची फीत, कागदाचे भेंडोळे आणि आत धातूची खरी घंटा. छपाईचा वेग सेकंदाला १० अक्षरे. त्याच वर्षी ॲस्की ही संकेतावली प्रसिद्ध झाली. तीत अक्षरांप्रमाणे यंत्राच्या क्रियांनाही अंक होते. ७ हा अंक आला की घंटा वाजे. हा अंक कळफलकावरून पाठवायचा कसा? ‘जी’ अक्षराचा अंक ७१, म्हणजे द्विमान पद्धतीत १०००१११. कंट्रोल कळ धरून ‘जी’ दाबले की सर्वांत डावीकडचा १ गळे, म्हणजे ६४ वजा होत. उरत ७! फळ्यावर अवश्य करून दाखवावे असे हे उदाहरण आहे.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन टेलिटाइपच होते. युनिक्सच्या कितीतरी आज्ञा दोनच अक्षरांच्या आहेत, त्याचे कारण मला तरी या संथ यंत्रात दिसते.

पुढे कागद जाऊन काच आली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीटी १०० या टर्मिनलने (१९७८) पडद्यावर २४ ओळी आणि ८० रकाने दिले. अंक २७ आणि त्यामागून ठरावीक चिन्हे पाठवली की पडदा पुसला जाई, कर्सर हव्या त्या जागी जाई. असंख्य प्रोग्रॅम हीच भाषा बोलू लागले. टर्मिनले कालांतराने अडगळीत गेली, प्रोग्रॅम मात्र राहिले. त्यांच्याशी बोलायला कुणीतरी हवेच. म्हणून टर्मिनलचे सोंग घेणारे प्रोग्रॅम लिहिले गेले. १९८४ च्या सुमारास सुरू झालेला एक्सटर्म हा त्यांतला नामांकित बहुरूपी. टर्मक्स त्याच घराण्यातले.

अडचण एकच: फोनच्या नेहमीच्या कळफलकावर कंट्रोल कळ नसते. तिच्याविना चुकून अखंड चालू राहिलेला प्रोग्रॅम थांबवता येत नाही. म्हणून टर्मक्स पडद्याच्या तळाशी कळांची जादा ओळ देते, आणि आवाज कमी करण्याचे बटण धरले तरी कंट्रोलचे काम होते. त्या ओळीत कोणत्या कळा असाव्यात, हे मांडणीच्या फाइलमध्ये आपल्याला ठरवता येते. ज्या विद्यार्थ्याकडे संगणक नाही, घरातला एक फोनच आहे, त्याने पायथन शिकताना आधी ही ओळ आपल्या सोयीची करून घ्यावी.

मात्र या पडद्यावर त्याने स्वतःचे नाव मराठीत लिहिले, तर ते विस्कटण्याचा संभव आहे. एका चिन्हाला एक चौकोन हा टेलिटाइपचा हिशेब अजून चालू आहे, आणि ‘क्षितिज’मधला ‘क्षि’ चार संकेतांक जोडून बनतो. त्यांना किती चौकोन द्यायचे, यावर प्रोग्रॅम आणि पडदा यांचे एकमत होत नाही, आणि कर्सर भलत्याच जागी जाऊन उभा राहतो.