साखरेची साक्ष

बडोद्यास १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन उघडले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे रंगांचे रसायन देशी भाषेतून शिकविले जाऊ लागले. श्रोतेहो, त्या काळी लघवीतील साखर ओळखण्याची कसोटीही रंगाचीच होती! फेलिंग या जर्मन रसायनज्ञाच्या ताम्रयुक्त निळ्या द्रावणात लघवी उकळावी; तांबडा साका बसला, की साखर आहे असे समजावे. आयुर्वेदाने मुंग्यांना साक्षीदार केले होते. त्यापुढचे हे पाऊल खरे, परंतु हे तांबे मोठे भोळे. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या लघवीत दुधातील शर्करा उतरते. ती दिसताच तेही तितक्याच तत्परतेने तांबडे होते. निरोगी बाळंतिणीवर मधुमेहाचा शिक्का बसण्याचा धोका त्यात होता.

हवा होता तो केवळ ग्लुकोजलाच ओळखणारा पारखी. तो निघाला बुरशीत. १९२८ साली म्यूलर या संशोधकाने काळ्या बुरशीतील ‘ग्लुकोज ऑक्सिडेझ’ हे विकर उजेडात आणले. विकर म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. हे विकर ग्लुकोज आणि प्राणवायू यांची क्रिया घडविते. दुधातील शर्करेकडे ढुंकूनही पाहत नाही.

रक्तातील प्राणवायू विजेच्या साहाय्याने मोजणारा विद्युदग्र लेलँड क्लार्क यांनी आधीच सिद्ध केला होता. १९६२ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे त्यांनी त्याच्या टोकावर पातळ पडद्याआड हे विकर बसविले. ग्लुकोज जितके अधिक, तितका प्राणवायू अधिक खर्च होतो आणि विद्युत्प्रवाह तितका घटतो. ती घट मोजली, की साखर कळली. कल्पना किती साधी! तरी बाजारात असे यंत्र यावयास १९७५ साल उजाडले, आणि तेही प्रयोगशाळेच्या मेजावरचे. १९८४ मध्ये इंग्लंडात प्राणवायूऐवजी फेरोसीन या लोहयुक्त संयुगाकडून इलेक्ट्रॉन वाहून नेण्याची युक्ती साधली. तीन वर्षांत लेखणीएवढे यंत्र रुग्णाच्या हाती आले.

आपल्याकडे २०१४ च्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वस्त देशी यंत्रे पुढे आणली. त्यांतील ‘सुचेक’ हे मुंबईच्या बायोसेन्स कंपनीचे. या खटाटोपात खरी कसोटी पट्टीच्या किमतीची होती. यंत्र एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. विकर लावलेली पट्टी मात्र रक्ताच्या प्रत्येक थेंबास नवी लागते.