बालसाक्षीदारांच्या मुलाखतीचे प्रशिक्षण

लैंगिक किंवा शारीरिक अत्याचाराच्या तपासात मुलाकडून घडलेली हकीकत त्याच्याच शब्दांत, त्याला नवी इजा न करता आणि त्याच्या तोंडी काहीही न घालता ऐकून घेण्याचे कौशल्य पोलीस अधिकारी, दंडाधिकारी, समुपदेशक, डॉक्टर व बालसंरक्षण कार्यकर्त्यांना शिकवण्याची पद्धत. अशा गुन्ह्यांना बहुधा तिसरा साक्षीदार नसतो, आणि वैद्यकीय तपासणीत काही आढळले नाही म्हणून अत्याचार झाला नाही असे ठरत नाही. त्यामुळे मुलाचा जबाब हाच खटल्याचा कणा ठरतो. तो किती भरवशाचा हे मुलाच्या वयावर जितके अवलंबून असते, तितकेच विचारणाऱ्याच्या प्रश्नांवर असते. म्हणून हे प्रशिक्षण न्यायदानाचाच भाग मानायला हवे.

या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते फसलेल्या तपासांमुळे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील मॅकमार्टिन बालवाडीत १९८३ साली अत्याचाराची तक्रार झाली आणि शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांत हातबाहुल्यांचा वापर झाला, तेच प्रश्न पुनःपुन्हा विचारले गेले, ‘बाकीच्या मुलांनी आम्हांला सांगितलं आहे’ असे मुलांना सांगितले गेले, आणि हवे ते उत्तर मिळाल्यावर शाबासकी दिली गेली. १९८७ ते १९९० एवढा काळ चाललेल्या खटल्यांतून एकाही आरोपीवर दोष सिद्ध झाला नाही. इंग्लंडमध्ये १९८७ च्या क्लीव्हलंड प्रकरणात शंभराहून अधिक मुलांना अत्याचाराच्या संशयावरून घरापासून दूर करण्यात आले. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या अहवालाने मुलांच्या मुलाखतींतील उणिवा नोंदवल्या. त्यानंतर १९९२ मध्ये त्या देशात ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतींची पहिली सरकारी मार्गदर्शिका निघाली, आणि २००२ पासून तिची जागा अधिक विस्तृत मार्गदर्शिकेने घेतली. अशा फसलेल्या तपासांत दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. निरपराध माणूस गुंतू शकतो, आणि ज्या मुलावर खरोखर अत्याचार झाला आहे त्याचे खरे बोलणेही खराब प्रश्नांच्या ढिगाऱ्याखाली गाडले जाते. या दुसऱ्या अन्यायाची चर्चा फार कमी होते.

चुकीच्या प्रश्नांनी मुलाचा जबाब बिघडतो, ही शंका प्रयोगांनी पक्की केली. मिशेल लाइक्टमन व स्टीफन सेसी यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅम स्टोन नावाचा एक पाहुणा बालवाडीत येऊन दोनच मिनिटे थांबला आणि कशालाही हात न लावता निघून गेला. काही मुलांना तो येण्यापूर्वी ‘सॅम फार धांदरट आहे’ अशा गोष्टी ऐकवल्या होत्या, आणि तो येऊन गेल्यावर सुमारे दहा आठवडे त्यांना सूचक प्रश्न विचारले गेले. अखेर यांपैकी तीन-चार वर्षांच्या ७२ टक्के मुलांनी सॅमने पुस्तक फाडले किंवा अस्वल मळवले, यांतले काहीतरी घडल्याचे सांगितले. ज्यांना काहीच सुचवले नव्हते त्यांनी मोकळेपणी सांगताना अशी एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. पुढे मुलांच्या मुलाखतींच्या चित्रफिती या क्षेत्रातील शंभराहून अधिक जाणकारांना दाखवल्या, तेव्हा कोणते मूल खरे सांगते आहे हे त्यांना नीट ओळखता आले नाही. ‘मी मुलाच्या डोळ्यांत पाहून ओळखतो’ असे अनुभवी अधिकारी सांगतात, त्याला या निष्कर्षात आधार सापडत नाही. सेना गार्वेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मॅकमार्टिन मुलाखतींमधील युक्त्या लहान मुलांवर निरुपद्रवी प्रसंगाविषयी वापरून पाहिल्या. पाचेक मिनिटांतच मुले ५८ टक्के खोट्या आरोपांना ‘हो’ म्हणू लागली. नुसत्या सूचक प्रश्नांनी हे प्रमाण १७ टक्के राहिले. शाबासकी, नापसंती आणि ‘इतरांनी सांगितलं’ हा दबाव शब्दांपेक्षा जास्त घातक असतो, हा त्यातला धडा.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य व मानवी विकास संस्थेत मायकेल लॅम, कॅथलीन स्टर्नबर्ग, यायल ऑर्बाख, इरित हर्शकोविट्झ आणि फिलिप एस्प्लिन यांनी १९९० च्या दशकात एक आखीव मुलाखतपद्धत तयार केली. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एनआयसीएचडी पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आज जगभर दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणापैकी बराच भाग तिच्यावर बेतलेला आहे. मुलाखतीची सुरुवात ओळखीने आणि नियमांनी होते. ‘माहीत नसेल तर माहीत नाही असं सांग, माझं काही चुकलं तर मला दुरुस्त कर’ हे मुलाला आधीच सांगितले जाते आणि एखाद्या साध्या उदाहरणावर त्याचा सराव करून घेतला जातो. नंतर वाढदिवस, सहल, सण अशा अत्याचाराशी संबंध नसलेल्या एखाद्या प्रसंगाविषयी ‘अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग’ असे म्हणून मुलाला बोलते केले जाते. सविस्तर बोलायचे आहे, ऐकणारा मध्ये तोडणार नाही आणि त्याला उत्तर आधीच ठाऊक नाही, हे मुलाला या सरावात कळते. घाईत असलेले अधिकारी नेमका हाच टप्पा गाळतात. मूळ विषयाकडे वळतानाही आरोपीचे नाव किंवा कृत्य मुलाखत घेणाऱ्याने उच्चारायचे नसते. ‘मी आज तुझ्याशी का बोलायला आले, ते सांग’ एवढेच विचारायचे, आणि पुढे ‘मग काय झालं?’, ‘तू म्हणालीस की तो दार लावून आला, त्याबद्दल आणखी सांग’ असे मुलाच्याच शब्दाला धरून पुढे जायचे. कुठे, केव्हा, कोण हे नेमके प्रश्न त्यानंतर. ‘हो की नाही’ किंवा ‘हे की ते’ असे पर्याय देणारे प्रश्न अगदी शेवटी, तेही टाळता आले नाहीत तरच. २०१० नंतरच्या सुधारित आवृत्तीत घाबरलेल्या, गप्प राहणाऱ्या मुलांना आधार देण्यावर भर वाढला.

ही पद्धत वापरणारे मुलाखतकार ‘मग काय झालं?’ यांसारखे खुले प्रश्न किमान तिप्पट विचारतात आणि पर्याय देणारे व सूचक प्रश्न निम्म्यावर आणतात, असे अनेक देशांतील प्रत्यक्ष मुलाखतींच्या अभ्यासांवरून २००७ मध्ये लॅम व सहकाऱ्यांनी दाखवले. चार वर्षांची मुलेही खुल्या प्रश्नांना उत्तरे देऊ शकतात, हेही याच संशोधनातून पुढे आले. इस्रायलमध्ये १९५५ च्या कायद्यापासून १४ वर्षांखालील मुलांचे जबाब खास बालतपासनीसच घेतात, आणि तेथे ही पद्धत देशभर लागू झाली. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर तिची पारख फार थोड्या ठिकाणी झाली आहे.

प्रशिक्षणाचा खरा अवघड भाग यानंतर सुरू होतो. खुला प्रश्न म्हणजे काय हे शिकायला एक दिवस पुरतो, पण प्रत्यक्ष मुलासमोर बसल्यावर तो सुचणे ही निराळी गोष्ट. रोजच्या जगण्यात मोठी माणसे मुलांना उत्तर गृहीत धरूनच विचारतात. ‘शाळेत गेलीस ना? डबा खाल्लास ना?’ ही सवय वर्गातल्या व्याख्यानाने जात नाही. दोन-तीन दिवसांच्या शिबिरानंतर अधिकाऱ्यांचे ज्ञान वाढते, आत्मविश्वासही वाढतो, प्रश्न मात्र जवळपास पूर्वीसारखेच राहतात, असे संशोधक वारंवार नोंदवतात. आपण घेतलेल्या मुलाखतींवर नियमित अभिप्राय मिळत गेल्यावर प्रश्न सुधारले, आणि अभिप्राय बंद होताच काही महिन्यांत दर्जा पुन्हा घसरला, असे लॅम व सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसून आले. गवयाचा रियाज सुटला की गळा जसा उतरतो, तसेच हे आहे. म्हणून नीट आखलेल्या प्रशिक्षणात काही गोष्टी असाव्याच लागतात : थोड्या थोड्या अंतराने होणारा सराव, मुलाची भूमिका वठवण्याचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तींसोबत लुटुपुटीच्या मुलाखती, स्वतःच्या मुलाखतीची लेखी प्रत घेऊन प्रत्येक प्रश्नाचे वर्गीकरण करणे, आणि जाणत्या मार्गदर्शकाकडून लगेच मिळणारी दुरुस्ती. ऑस्ट्रेलियात मार्टीन पॉवेल यांनी असे टप्प्याटप्प्याचे, ऑनलाइन घेता येणारे शिक्षणक्रम विकसित केले. फिनलंडमध्ये फ्रान्चेस्को पोम्पेड्डा, पेक्का सँतिला आणि सहकाऱ्यांनी संगणकावरील आभासी मुलांशी मुलाखतीचा सराव करवून पाहिला. तेथेही नुसत्या सरावापेक्षा प्रत्येक मुलाखतीनंतर मिळालेल्या अभिप्रायाने फरक पडला.

मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाशिवाय असा अभिप्राय देता येत नाही. अधिकाऱ्यांनी मुलाखत चालू असताना घेतलेल्या ‘शब्दशः’ टिपणांची लॅम यांच्या गटाने २००० साली ध्वनिमुद्रणाशी तुलना केली. त्यांत विचारणाऱ्याची निम्म्याहून अधिक वाक्ये आणि मुलाने दिलेला सुमारे एक चतुर्थांश तपशील गळलेला होता.

भारतात लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा (पोक्सो) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो; आरोपीशी मुलाची गाठ पडू द्यायची नसते. कलम २६ पालक किंवा मुलाच्या विश्वासातली व्यक्ती, दुभाषा, विशेष शिक्षक आणि शक्य तेथे ध्वनिचित्रमुद्रण यांची तरतूद करते. न्यायालयात वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जावेत आणि मुलाला वारंवार बोलावू नये, असे कलम ३३ सांगते. पोलिसांसह संबंधितांना ठरावीक काळाने प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कलम ४३ ने सरकारांवर टाकली आहे. गोव्यात त्याआधीच, २००३ च्या गोवा बाल कायद्याने, स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच आलेल्या एका प्रकरणात संवेदनक्षम साक्षीदारांसाठी जबाब केंद्रे उभारण्याचे आदेश दिले आणि प्रशिक्षणाच्या आखणीसाठी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील ‘संवाद’ हा उपक्रम पोलीस, न्यायाधीश आणि बालकल्याण समित्यांना हे शिक्षण देतो.

जागा, गणवेश, सोबतची व्यक्ती यांविषयी आपला कायदा तपशीलवार आहे; प्रश्न कसा विचारावा याविषयी त्यात फारसे काही नाही. ही उणीव जबाबाच्या रूढ घाटात उघड दिसते. मराठी जबाब ‘समक्ष विचारल्यावरून सांगते की’ अशा वाक्याने सुरू होतो आणि पुढे सलग प्रथमपुरुषी निवेदन येते. विचारले काय, किती वेळा, कोणत्या शब्दांत, याचा मागमूस उरत नाही. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी ‘सदर इसमाने’ येते, तेव्हा बचाव पक्षाचे वकील साक्षीदार पढवलेला आहे असे म्हणतात आणि न्यायालयालाही ते खोडणे कठीण जाते. विश्वासार्ह असेल तर केवळ मुलाच्या साक्षीवरही दोषसिद्धी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात स्पष्ट केले आहे. ती विश्वासार्हता न्यायालयाला दाखवून देण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे खुल्या प्रश्नांची, सुरुवातीपासून ध्वनिचित्रमुद्रित केलेली मुलाखत.

मराठी मुलखात या प्रशिक्षणाला काही स्थानिक गोष्टी जोडाव्या लागतात. लहान मूल तारीख सांगत नाही. ‘गणपती उठले त्याच्यानंतर’, ‘आजी गावावरून आली तेव्हा’ असे सांगते, आणि ते तसेच लिहून घ्यायचे असते. ‘किती वेळा झालं?’ याचे नेमके उत्तर लहान मुलाकडून मिळत नाही. ‘एकदा की जास्त वेळा?’ हे कळले की प्रत्येक प्रसंग वेगळा काढता येतो. शरीराच्या अवयवांसाठी घरात वापरला जाणारा शब्द मुलाकडूनच घ्यायचा, सभ्य प्रतिशब्द त्याच्या तोंडी घालायचा नाही. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचे नाही असे शिकलेले मूल ‘ताई, तुम्ही चुकलात’ म्हणत नाही, म्हणून दुरुस्तीच्या नियमाचा सराव आपल्याकडे जास्त वेळ घ्यावा लागतो. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिली किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलाजवळ दुभाषा बसतो, तेव्हा खुला प्रश्न त्याच्या तोंडून बंद होऊन बाहेर पडण्याचा धोका असतो. उत्तर आवरते घेऊन सांगण्याचा मोहही त्याला होतो. कायद्याने दुभाष्याची पात्रता आणि मोबदला यांची सोय केली आहे. मुलाखत घेणाऱ्यासोबत त्यालाही एकाच वर्गात बसवून हाच सराव देणे गरजेचे आहे.